यकृत किती उरणार?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला की कागदावर चौथी स्टेज लिहिली जाते. तो आकडा घरात आला की माणसं दबक्या आवाजात बोलू लागतात, पाहुणे भेटायला यायची घाई करतात आणि कुणीतरी जमिनीच्या कागदपत्रांचा विषय काढतं. माझ्या बाबतीत हे सगळं झालं. म्हणूनच सुरुवातीलाच सांगते. आतड्याचा कॅन्सर फक्त यकृतातच पसरला असेल, तर काही रुग्णांमध्ये ऑपरेशन करून तो पूर्ण काढता येतो. सगळ्यांमध्ये नाही. पण आपण त्या काहींमध्ये आहोत का, हे यकृताच्या सर्जनने आपले फोटो पाहिल्याशिवाय कुणीही ठरवू नये.

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शौचातून रक्त जायचं, तर गावाकडे मूळव्याध म्हणून मलम आणि गोळ्या मिळत राहिल्या. वर्गात उभं राहून धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसात निघालं. मग दुर्बीण घातली. सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा डावीकडचा शेवटचा वळणदार भाग, तिथे गाठ होती. सीटीमध्ये यकृताच्या उजव्या भागात चार डाग आणि डाव्या भागात एक. सीईए नावाची रक्तातली खूण साधारण पाचच्या आत असावी लागते, माझी 86 होती.

जवळच्या शहरातल्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता ऑपरेशनचा उपयोग नाही, केमो चालू ठेवायची, जेवढं होईल तेवढं. बाजूला घेतलं तरी दार उघडंच होतं, मला ऐकू आलं. डोंबिवलीचा माझा दादा त्याच रात्री फोनवर म्हणाला, "फाइल घेऊन ये. टाटाला दाखवल्याशिवाय काही ठरवायचं नाही."

परळला टाटात फाइल उघडली, स्मार्ट कार्डात पैसे भरले, आतड्याची स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासायला दिले. बाहेरून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: बायप्सीचा नुसता कागद पुरत नाही, मेणातला ब्लॉक आणि काचा मागून घ्याव्या लागतात, आणि सीटीची सीडी लागते. रिपोर्टच्या प्रिंटवर कुणी सर्जन ऑपरेशन ठरवत नाही, तो फोटो स्वतः बघतो.

तिथे एकटा डॉक्टर निर्णय घेत नव्हता. पोटाच्या कॅन्सरचे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि फोटो वाचणारे रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात. आम्हाला आत बोलावलं तेव्हा सर्जननी कोऱ्या कागदावर यकृत काढलं आणि त्याचे आठ तुकडे पाडले. क्लोद क्विनो या फ्रेंच सर्जननी 1957 साली यकृताची ही आठ भागांतली विभागणी मांडली. प्रत्येक भागाला रक्त आणणारी आपली शाखा असते, पित्त नेणारी आपली नळी असते. त्यामुळे एक भाग काढला तरी शेजारचा भाग जगू शकतो. वर यकृत हा अवयव पुन्हा वाढतो. निरोगी यकृताचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत फुगून काम सांभाळतो.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने आमचं सगळं बघणंच बदललं. 1980च्या दशकात म्हणे नियम असा होता की यकृतात तीनपेक्षा जास्त गाठी असल्या तर ऑपरेशन करायचं नाही. आता गाठी किती आहेत यावर अडत नाही. सगळ्या गाठी काढून झाल्यावर मागे किती यकृत उरणार, त्याला रक्त नीट मिळणार का, पित्ताला वाट राहणार का, हे तीन प्रश्न असतात. यकृत निरोगी असेल तर वीस टक्के उरलं तरी चालतं. केमो घेतलेल्या यकृताला तीस टक्के तरी हवं, कारण औषधाने ते थकलेलं असतं. माझा उजवा भाग सगळा काढायचा म्हटला तर उरणारा भाग साधारण 23 टक्के भरत होता.

"म्हणजे होणार नाही?" ह्यांनी विचारलं.

"आज होणार नाही," सर्जन म्हणाले. "आधी केमोनं आजार किती ऐकतो ते बघू. मग उरणारा भाग वाढवू. मग काढू."

यकृत वाढवायचं! त्या दिवशी लोकलमध्ये दादा आणि हे दोघे याच एका वाक्यावर बोलत होते.

केमो सुरू करायच्या आधी गाठीच्या नमुन्यातून केरास, एनरास, बीराफ या जनुकांची तपासणी झाली. माझ्या केरासमध्ये बदल निघाला. त्यामुळे डाव्या बाजूच्या आतड्याच्या कॅन्सरला जी एक प्रकारची अँटिबॉडीची इंजेक्शनं देतात, ती माझ्यावर चालणार नव्हती. वाईट वाटलं, पण महागडं औषध उगाच टोचून घेण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. केपॉक्स ठरलं. पहिल्या दिवशी ऑक्झालिप्लॅटिनचं सलाईन, मग चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर केपसिटाबिनच्या गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. असे चार फेरे ऑपरेशनआधी आणि उरलेले ऑपरेशननंतर.

ऑक्झालिप्लॅटिनबद्दल लोक उलट्यांची भीती घालतात. मला उलट्या फारशा झाल्या नाहीत, गारठा मात्र नको झाला. पौषातली सकाळ, स्टीलच्या तांब्याला हात लावला की बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. थंड पाणी घोटलं की घसा आवळल्यासारखा वाटायचा, श्वास अडकतोय की काय असं घाबरायला व्हायचं. ते तात्पुरतं असतं आणि कोमट पाण्याने टळतं, हे नर्सने आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. फ्रीज उघडायचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं. गोळ्यांनी तळहात-तळपाय काळवंडले, सालपटं निघाली. खोबरेल तेल आणि डॉक्टरांनी दिलेलं युरियाचं मलम लावून पायमोजे घालून झोपायचे. बोटांचा बधिरपणा अजून थोडा आहे. खडू धरला की तो हातात आहे हे डोळ्यांनी बघून खात्री करावी लागते.

सासूबाई माळकरी. आमच्या घरात कधी अंडं आलं नव्हतं. आहारतज्ज्ञांनी प्रथिनांसाठी अंडी लिहून दिली तेव्हा मी म्हटलं, डाळ आणि पनीर खाईन. सासूबाईंनी परड्यात वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं आणलं आणि रोज दोन अंडी उकडून स्वतःच्या हाताने सोलून द्यायला लागल्या. त्यावर त्यांनी कधी एक शब्द काढला नाही आणि मीही नाही.

चार फेऱ्यांनंतर एमआरआय झाला, यकृतासाठीचा खास रंग टोचून. डाग आकसले होते. सीईए 86 वरून 14 वर आलं होतं. इथे मला वाटलं होतं की औषध एवढं चालतंय तर अजून घेऊ, डाग पुसूनच जाऊ देत. सर्जन म्हणाले, ताई, नेमकं तेच नको. डाग फोटोतून नाहीसा झाला तरी तिथे पेशी शिल्लक असू शकतात, आणि मग ऑपरेशनच्या वेळी कापायचं कुठे ते सापडत नाही. शिवाय ऑक्झालिप्लॅटिन जास्त झालं की यकृताच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, ते निळसर आणि रक्ताळ होतं, काढल्यावर उरलेलं नीट वाढत नाही. केमो पुरेशी हवी, जास्त नको. शेवटच्या गोळीनंतर काही आठवडे शरीराला विश्रांती दिली आणि तारीख मिळाली.

आता ऑपरेशनं दोन का, ते सांगते, कारण नातेवाइकांना हे समजावताना आमची दमछाक झाली. उजव्या भागाचं रक्त बंद करून डावा भाग वाढवायचा होता. पण डाव्या भागातही एक डाग होता. यकृताला वाढीचा इशारा मिळाला की तो डागही वाढू शकतो. म्हणून पहिल्या ऑपरेशनमध्ये डावा भाग स्वच्छ करायचा आणि त्याच वेळी आतड्यातली मूळ गाठ काढायची. मग मधल्या काळात यकृत वाढवायचं. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये उजवा भाग काढायचा. दोन टप्प्यांच्या या वाटेवर काही रुग्णांचा दुसरा टप्पा होतच नाही, कारण मधल्या काळात आजार पुढे जातो किंवा यकृत पुरेसं वाढत नाही. हेही त्यांनी पहिल्यांदाच सांगून ठेवलं. मला हे आवडलं. लपवलेल्या गोष्टीची भीती सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जास्त असते, निदान माझ्यासारखीला.

पहिल्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमाची, म्हणजे शौचासाठी पोटावर लावायच्या पिशवीची, नर्स आली. तिने मला बसवलं, वाकवलं, उभं केलं, साडी नेसून परकराची नाडी कुठे येते ते पाहिलं आणि पोटावर शाईने खूण केली. आतड्याचा सांधा सुरक्षित वाटला नाही तर तात्पुरती पिशवी लावावी लागेल, त्याची ती जागा. नाडीखाली पिशवी आली तर गळते, वाकल्यावर घडीत आली तर निघते. एवढा बारीक विचार कुणीतरी करतंय हे पाहून मी थोडी सावरले. शेजारच्या खाटेवर बीडकडची एक बाई होती, तिला पिशवी होती. तिने मला ती रिकामी करून दाखवली आणि म्हणाली, "बाई, शेतात जाते मी ही घेऊन. काही होत नाही." तिचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होत होता. त्या योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार बसतात. आमचं नोकरदारांचं वेगळं असतं, आधी स्वतः भरायचे, मग बिलांची फाइल जिल्हा शल्यचिकित्सकांकडून मंजूर होऊन पैसे येतात. तोवर शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज. प्रत्येक बिलाची झेरॉक्स आणि डिस्चार्ज कार्डाच्या सही-शिक्क्याच्या प्रती पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा, एवढंच त्याबद्दल सांगेन.

मला पिशवी लागली नाही. सिग्मॉइड काढून आतड्याची दोन टोकं स्टेपलरने जोडली आणि डाव्या यकृतातला डाग भोवतालच्या निरोगी कडेसकट काढला. त्या ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं, फुफ्फुसांच्या व्यायामाच्या यंत्रातले तीन चेंडू फुंकून नव्हे तर श्वास ओढून वर उचलायला लावले, वारा सरला तेव्हा अख्खा वॉर्ड खूश झाला.

मधला टप्पा मला सगळ्यात नवलाचा वाटतो. पोर्टल व्हेन म्हणजे आतड्यांकडून येणारं रक्त यकृताकडे नेणारी मोठी शीर. कॅन्सरच्या पेशीही त्याच वाटेने यकृतात पोचतात, म्हणून आतड्याचा कॅन्सर पसरताना बहुतेकदा पहिला मुक्काम तिथे करतो. या शिरेच्या दोन मुख्य फांद्या, उजवी आणि डावी. उजवी बंद केली की सगळं रक्त डावीकडे वळतं आणि डावा भाग वाढायला लागतो. जपानमधल्या सर्जननी, त्यात मासातोशी माकुउची यांचं नाव मुख्य, 1980च्या दशकात ही पद्धत मोठ्या ऑपरेशनच्या तयारीसाठी वापरायला सुरुवात केली. ह्यांना ते आमच्यापेक्षा लवकर कळलं. हे म्हणाले, "वरच्या सरीचं तोंड बांधलं की पाणी खालच्या सरीला मिळतं, तेवढंच ना?" रेडिओलॉजिस्ट हसून हो म्हणाले.

त्यासाठी पोट उघडत नाहीत. बरगडीखाली जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुई यकृतातून शिरेत नेतात, रंग सोडून फांद्या पडद्यावर बघतात आणि उजव्या फांद्यांमध्ये वैद्यकीय गोंद सोडून त्या बुजवतात. मला गुंगीचं औषध होतं, पण बोलणं ऐकू येत होतं. खांद्यापर्यंत एक ठणका गेला, रात्री थोडा ताप आला, लगेचच घरी सोडलं.

आणि मग वाट बघणं. चार ते सहा आठवडे थांबून सीटी करतात आणि संगणकावर प्रत्येक भागाचं आकारमान मोजतात. त्या दिवसांत माझ्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं आणि सगळंच होतं. मी दादाकडे राहिले होते. सकाळ-संध्याकाळ चालायची, खायची, ते तीन चेंडू ओढायची. वहिनी प्रत्येक घासाला म्हणायची, हा लिव्हरला. मनात मात्र दोन गोष्टी सारख्या शर्यत लावून होत्या. डावा भाग वाढतोय का, आणि उजव्या भागातल्या गाठी वाढतायत का. केमो त्या काळात बंद होती. पोटात उजवीकडे जरा दुखलं की मला वाटायचं गाठ, डावीकडे जड वाटलं की वाटायचं वाढ. दोन्हींना अर्थ नव्हता, यकृत असं आतून कळत नाही.

सीटीचा निकाल लागला. उरणारा भाग 23 वरून 36 टक्क्यांवर गेला होता. नवीन डाग नव्हता. सर्जननी आकडा कागदावर लिहून त्याला गोल केला आणि कागद आमच्याकडे सरकवला. ह्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ बराच वेळ बोलल्या. यकृत म्हणजे रक्ताने भरलेला अवयव, ते कापताना रक्तस्राव हा मोठा धोका. म्हणून शिरांमधला दाब मुद्दाम कमी ठेवतात, सलाईन आखडतं देतात. गरज पडली तर यकृतात येणाऱ्या रक्तवाहिन्यांना चिमटा लावून साधारण पंधरा मिनिटं काम करतात, पाच मिनिटं सोडतात, पुन्हा लावतात. जेम्स प्रिंगल या सर्जननी ही युक्ती 1908 साली लिहून ठेवली, अजून वापरात आहे. कापायच्या आधी यकृतावर थेट सोनोग्राफीचा प्रोब फिरवून बाहेरच्या फोटोत न दिसलेला एखादा डाग राहिला नाही ना ते पाहतात. माझ्या मुलाने विचारलं, "आई शुद्धीवर आल्यावर आम्ही काय बघायचं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही तिच्याशी बोलायचं. ती नीट उत्तर देते का ते बघायचं."

याचा अर्थ नंतर कळला. अतिदक्षता विभागात रोज सकाळी डॉक्टर दोन गोष्टी करायला लावायचे. दोन्ही हात समोर ताठ धरून पंजे वर करा. आज वार कोणता, सांगा. यकृत कमी पडलं तर रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते, पंजे फडफडतात, माणूस वार विसरतो. मी रात्रीच मनात वार घोकून ठेवायची. शिवाय रोज रक्त. बिलिरुबिन म्हणजे कावीळ किती, आणि आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो. यकृताचा मोठा भाग काढल्यावर पाचव्या दिवसाचे हे दोन आकडे पुढचं बरंच सांगतात. माझं बिलिरुबिन चारच्या वर गेलं, डोळे पिवळे झाले. आरसा मागितला तर नर्सने दिला नाही. आयएनआर मात्र रोज थोडं खाली येत होतं आणि डॉक्टरांची नजर त्यावर होती. फॉस्फेट कमी झालं म्हणून सलाईनमधून देत होते. मी घाबरून विचारलं तर निवासी डॉक्टर मुलगी म्हणाली, "काकू, हे चांगलं लक्षण आहे. नव्या पेशी बनवायला लिव्हर फॉस्फेट ओढून घेतंय."

मला त्या वेळी रडू आलं. पोटात उजवीकडे एवढी मोठी पोकळी केली होती, आणि उरलेला तुकडा कामाला लागला होता.

सगळं सरळ झालं नाही. पोटातल्या ड्रेनच्या नळीतून आधी लालसर, मग हिरवट-पिवळं पाणी यायला लागलं. कापलेल्या पृष्ठभागावरच्या कुठल्यातरी बारीक नळीतून पित्त झिरपत होतं. अशा ऑपरेशननंतर काही जणांना हे होतं आणि बहुतेकांचं आपोआप बंद होतं, फक्त वाट मोकळी ठेवावी लागते. म्हणून ड्रेनसकट घरी सोडलं. दादाच्या घरी रोज सकाळी मापाच्या ग्लासात पाणी ओतून मी वहीत लिहायची, तारीख, मिली, रंग. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शनही पोटाच्या कातडीत रोज घ्यायचं होतं, चार आठवडे. कॅन्सरच्या पोटाच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, त्या टाळायला. वहिनीने शिकून घेतलं. पहिल्यांदा तिचा हात थरथरला, मग ती सराईत झाली. तपासणीला जाताना आम्ही लोकलच्या दिव्यांग डब्यातून जायचो, त्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं. अनेकांना माहीत नसतं, गर्दीत टाके सांभाळत उभे राहतात. रिपोर्टची प्रत जवळ ठेवावी म्हणजे झालं. रेल्वेच्या लांबच्या प्रवासातही उपचारासाठी जाणाऱ्यांना भाड्यात मोठी सवलत आहे, इस्पितळ त्याचा फॉर्म भरून देतं.

ड्रेनचं पाणी हळूहळू कमी झालं, स्वच्छ झालं, नळी निघाली.

काढलेल्या यकृताच्या रिपोर्टात दोन गोष्टी आम्ही शोधायच्या होत्या. कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे कापलेल्या रेषेवर कॅन्सर नाही ना. मोकळ्या होत्या. आणि केमोने गाठींमध्ये किती पेशी मेल्या होत्या. तीन गाठींत थोड्या जिवंत पेशी होत्या, एक गाठ पूर्ण मेलेली. फोटोत ती मेलेली आणि बाकीच्या तीन सारख्याच दिसत होत्या. केमो चालतेय तर डाग पुसूनच जाऊ देत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

नंतरच्या केमोचे फेरे मी डोस कमी करून पूर्ण केले. पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू झालं तेव्हा शाळेत परतले. पहिले काही महिने मुलं माझं दप्तर उचलून आणायची.

मी सर्जनना एकदा थेट विचारलं होतं, माझ्यासारख्यांचं पुढे काय होतं. त्यांनी थेट सांगितलं. यकृतातला आजार पूर्ण काढता आला, तर शंभरातले चाळीस ते पन्नास जण पाच वर्षांनी हयात असतात. त्याच वेळी निम्म्याहून जास्त जणांना आजार कुठे ना कुठे परत येतो. ही दोन वाक्यं एकत्र खरी असतात, कारण परत आलेल्यावरही काही वेळा पुन्हा उपचार करता येतात. आणि जवळपास पाचातला एक कायमचा बरा होतो. नुसत्या केमोवर असं बरं होणं फार क्वचित.

मला परत आला. दीड वर्षानंतरच्या तपासणीत सीईए तीनवरून आठाकडे सरकलं आणि एमआरआयमध्ये उरलेल्या, आता चांगल्या वाढलेल्या यकृतात सव्वा सेंटिमीटरचा डाग दिसला. पहिल्या वेळेपेक्षा हा धक्का मोठा होता. पहिल्या वेळी काय येणार हे माहीत नव्हतं. पण टेबलावर पुन्हा तोच प्रश्न आला, उरणार किती? आणि या वेळी भरपूर उरणार होतं. पोट उघडायची गरजच नव्हती. सोनोग्राफी आणि सीटीत बघत सुई डागात नेऊन मायक्रोवेव्हने तो जाळला. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या कोलिजन नावाच्या चाचणीत तीन सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठींमध्ये जाळणं हे कापण्यापेक्षा कमी ठरलं नाही, आणि त्रास कमी झाला. माझ्या दिराने यकृत बदलण्याबद्दलही विचारलं. ते माझ्यासाठी नव्हतं, पण 2024 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या ट्रान्समेट चाचणीने त्याची चर्चा वाढवली आहे. ज्यांच्या गाठी काढताच येत नाहीत, आजार यकृताबाहेर नाही आणि केमोला चांगला प्रतिसाद आहे, अशा काटेकोर निवडलेल्या रुग्णांत प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांनी 57 टक्के हयात होते, नुसत्या केमोवर 13 टक्के.

हे आकडे मी वर्गातल्या फळ्यावरच्या अक्षरात वहीत लिहून ठेवले आहेत. गावात किंवा नात्यात कुणाला आतड्याचा कॅन्सर निघाला की फोन येतो, मी तीच वही उघडते. पहिला प्रश्न विचारते, फोटो यकृताच्या सर्जनने पाहिले का? हल्ली नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातली कॅन्सरची इस्पितळं एकमेकांशी जोडलेली आहेत, प्रत्येकाने मुंबई गाठायलाच हवी असं नाही. पण केमो सुरू व्हायच्या आधी एकदा तरी त्या सर्जनसमोर फाइल जायला हवी. पाहून ते नाही म्हणाले, तर तो नकार मानता येतो. न पाहता आलेला नकार मी मानायला सांगत नाही.

दुसरं काम सख्ख्या भावंडांचं. जवळच्या नात्यात हा आजार निघाला की बाकीच्यांची दुर्बिणीची तपासणी चाळिशीत, किंवा नात्यातल्या रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा करायची असते. दादा टाळत होता, काही त्रास नाही म्हणाला. वहिनीनेच तारीख घेतली. त्याच्या आतड्यात एक पॉलिप म्हणजे छोटा कोंब निघाला, कॅन्सर होण्याआधीचा, दुर्बिणीतूनच काढून टाकला आणि तो संध्याकाळी घरी चहा पीत बसला होता. धाकटी बहीण पुण्यात असते. तिची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे, जुलाबाचं औषध घेण्याच्या रात्री मी तिच्याकडे राहायला जाणार आहे.